हौशी रेडिओचा परवाना आणि हाताची परीक्षा

हौशी रेडिओच्या परवान्यासाठी परीक्षा घ्यावी लागते, कारण या परवान्याने मिळणारी मोकळीक दूरसंचाराच्या दुसऱ्या कोणत्याही वापरकर्त्याला मिळत नाही. मोबाइलचा संच कारखान्यातून तपासून, मंजुरी घेऊन बाहेर पडतो. तो कोणत्या वारंवारतेवर आणि किती शक्तीने बोलणार हे जाळे परस्पर ठरवते, मालकाला त्याचा पत्ताही नसतो. हॅमचे, म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्याचे, तसे नाही. तो संच स्वतः जोडतो, उघडतो, बदलतो, अँटेना स्वतः ताणतो आणि नेमून दिलेल्या पट्ट्यात कुठे बसायचे हे डायल फिरवून स्वतः ठरवतो. त्याच्या चुकीची झळ शेजारच्या दूरदर्शन संचापासून पट्ट्याबाहेरच्या एखाद्या सरकारी सेवेपर्यंत कुठेही पोहोचू शकते. म्हणून आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीच्या 25 व्या कलमाने प्रत्येक देशावर एक जबाबदारी टाकली आहे: हौशी केंद्र चालवू पाहणाऱ्याची तांत्रिक आणि प्रत्यक्ष चालवण्याची, अशी दोन्ही पात्रता पडताळून पाहायची. कशी पडताळायची, हे ज्याचे त्याने ठरवायचे. प्रात्यक्षिक परीक्षेचा सगळा वाद या मोकळ्या जागेत उभा आहे.

भारतात परीक्षेने मिळते ते हौशी केंद्र चालकाचे प्रमाणपत्र. केंद्राचा परवाना त्यानंतर वेगळा काढावा लागतो. 1978 च्या नियमांत प्रमाणपत्राच्या चार श्रेणी होत्या. पुढे त्या आटोपून दोनच उरल्या, मर्यादित आणि सर्वसाधारण. मर्यादित श्रेणीचे संकेतनाम व्हीयू 3 ने सुरू होते, सर्वसाधारणचे व्हीयू 2 ने. लेखी परीक्षेचे दोन भाग आहेत, रेडिओचे शास्त्र आणि नियम. सर्वसाधारण श्रेणीला हाच लेखी भाग अधिक कठीण असतो आणि त्यावर मोर्स संकेतांची परीक्षा द्यावी लागते. अँटेना, प्रक्षेपक, मीटर, सोल्डरिंग यांपैकी कशालाही उमेदवाराचा हात लागत नाही. हाताने करून दाखवायचे ते एकट्या मोर्सचे, तेव्हा भारतातली प्रात्यक्षिक परीक्षा कशी असते हे पाहायचे तर मोर्सच्या टेबलाशीच जावे लागते.

परीक्षा मिनिटाला 8 शब्दांची. पाच अक्षरांचा एक शब्द धरला की पाच मिनिटांत 200 अक्षरे होतात. आधी ऐकणे: कानांवर हेडफोन, समोर कोरा कागद, साध्या इंग्रजीतला उतारा. पाचाहून अधिक चुका झाल्या की उमेदवार बाद. मग पाठवणे: साधी हाताची की, तितकीच अक्षरे, तितकाच वेळ. चूक लक्षात आली तर ती दुरुस्त करता येते, पण न सुधारलेल्या चुका पाचापुढे गेल्या की इथेही बाद. परीक्षक अक्षरे मोजून थांबत नाही, अक्षरांचा घाट आणि मधली अंतरेही पाहतो. या वेगाला एक डिट, म्हणजे आखूड नाद, सुमारे 0.15 सेकंदाचा. डा, म्हणजे लांब नाद, त्याच्या तिप्पट, दोन अक्षरांमधली शांतता तिप्पट, दोन शब्दांमधली सातपट. नवशिक्याचा हात अडखळतो तो याच शांततांत. ‘ए’ म्हणजे डि-डा, ‘एन’ म्हणजे डा-डिट. मधली तिप्पट शांतता खाल्ली की दोन्ही मिळून डि-डा-डा-डिट होते, आणि ऐकणारा कागदावर ‘पी’ लिहितो. पाठवणाऱ्याला आपण दोन अक्षरे पाठवली याची खात्री असते, कारण ती त्याच्या मनात दोनच असतात.

ही गोष्ट लेखी परीक्षेत विचारता येत नाही. ‘ए’चे चिन्ह कोणते, हा प्रश्न कागदावर सोपा आहे, आणि त्याचे उत्तर येणारा माणूस हेडफोन लावल्यावर पहिल्या ओळीतच हरवलेला असू शकतो. तारयंत्र शिकणाऱ्यांचा अभ्यास अमेरिकेत विल्यम ब्रायन आणि नोबल हार्टर यांनी 1897 आणि 1899 मध्ये प्रसिद्ध केला. पाठवण्याचा वेग बऱ्यापैकी सरळ चढतो, पण ऐकण्याचा वेग मध्येच एका सपाटीवर येऊन आठवडेच्या आठवडे हलत नाही, आणि मग पुन्हा चढू लागतो, असे त्यांच्या आलेखांत दिसले. डिट-डा सुटे मोजणारा कान अक्षर आणि पुढे शब्द एकसंध ओळखू लागेपर्यंत ही सपाटी सुटत नाही. मोर्स शिकलेल्या प्रत्येकाला ती भेटलेली असते. मिनिटाला 8 शब्दांची कसोटी बहुतेकांच्या बाबतीत या सपाटीच्या आसपासच येते, त्यामुळे अर्धवट तयारीचा उमेदवार तिथे नेमका उघडा पडतो. मोजमाप म्हणून मोर्सची परीक्षा उत्तम आहे. परीक्षकाच्या लहरीला तिच्यात वाव कमी, घोकंपट्टीला जवळजवळ नाही.

प्रश्न इतकाच, की ती मोजते काय, आणि कशासाठी? मोर्सची अट मुळात हॅमच्या भल्यासाठी आलेली नव्हती. जहाजांचे आणि किनाऱ्यांचे बिनतारी काम मोर्समध्ये चाले, 500 किलोहर्ट्झवर संकटाची हाक येई, आणि हौशी माणसाने त्या कामात नकळत लुडबूड केली तर ‘थांब’ हा इशारा त्याला समजला पाहिजे, असा सरळ हिशेब होता. जसजसे हे कारण क्षीण झाले तसतशी अट मागे सरली. 1947 च्या परिषदेनंतर ती 1000 मेगाहर्ट्झखाली उरली, 1959 नंतर 144 मेगाहर्ट्झखाली आणि 1979 नंतर 30 मेगाहर्ट्झखाली. 1 फेब्रुवारी 1999 ला जहाजांची नवी जागतिक संकटसेवा पूर्णपणे लागू झाली आणि समुद्रावरचे मोर्सचे अधिकृत काम सरले. 2003 मध्ये जिनिव्हाच्या परिषदेने हौशी सेवेवरची सक्ती उठवून निर्णय देशांवर सोपवला. ब्रिटनने त्याच वर्षी परीक्षा बंद केली, अमेरिकेने 23 फेब्रुवारी 2007 पासून. भारताने ती सर्वसाधारण श्रेणीपुरती ठेवली.

ठेवण्यात गैर काही नाही. कमी शक्तीत, गोंगाटातून, घरी जोडलेल्या चिमुकल्या संचावर मोर्स अजूनही आवाजापेक्षा लांब जातो, आणि त्याचे वेड असलेली माणसे परीक्षेवाचूनही ते शिकतात. खटकते ती सांगड. सर्वसाधारण श्रेणीला जास्त शक्ती वापरता येते, आणि ती शक्ती आवाजी प्रक्षेपणालाही चालते. म्हणजे मोठ्या शक्तीच्या दारावर जी हाताची परीक्षा बसवली आहे तिचा शक्तीशी काहीच संबंध नाही. डिट-डा अचूक टिपणारा माणूस अँटेनाची जोडणी तपासल्याशिवाय पूर्ण शक्तीने बटण दाबणार नाही, याची हमी मोर्सचा परीक्षक देऊ शकत नाही. ‘हौशी रेडिओत प्रात्यक्षिक हवे कशाला?’ असे विचारणाऱ्यांच्या मनात बहुधा ही मोर्सची परीक्षा असते. प्रात्यक्षिकाची कल्पना तिच्यामुळे बदनाम झाली, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही.

अमेरिकेने दुसरे टोक गाठले आहे. तिथे आता हाताची परीक्षा कोणत्याच श्रेणीला नाही. सुरुवातीच्या टेक्निशियन श्रेणीला 35 प्रश्न, त्यांतले 26 बरोबर आले की पास. सगळे प्रश्न ज्या संचातून काढतात तो चारशेहून अधिक प्रश्नांचा संच उत्तरांसकट आधीच जाहीर असतो. शनिवारी सकाळी वर्गात बसून संध्याकाळी परीक्षा देण्याची सोय अनेक ठिकाणी असते. परीक्षा 1984 पासून स्वयंसेवी परीक्षकच घेतात. यातून आकाशात बजबजपुरी माजली, असे म्हणता येत नाही. साडेसात लाखांच्या आसपास परवानाधारक असलेला हा देश जगातल्या सर्वांत गजबजलेल्या हौशी पट्ट्यांपैकी काही चालवतो आणि ते चालतात. लेखी परीक्षेने किमान गाळणी होते, हे मान्य करावे लागते.

मग हात घडतो कुठे? परवाना खिशात आल्यावर, कोणा जुन्या जाणत्याच्या खोलीत. अशा गुरूला अमेरिकी हॅम ‘एल्मर’ म्हणतात. प्रात्यक्षिक रद्द झालेले नाही, ते परवान्याच्या अलीकडून पलीकडे गेले आणि ऐच्छिक झाले. ज्याच्या गावात क्लब आहे त्याला एल्मर मिळतो. महाराष्ट्रातही हेच चित्र आहे. मुंबई-पुण्याच्या उमेदवाराला क्लब सापडतो, अँटेना चढवायला चार हात मिळतात. गडचिरोली किंवा सिंधुदुर्गातल्या तालुक्याच्या गावी एकटा बसलेला उमेदवार पुस्तकावरून पास होतो, आणि पहिला प्रक्षेपक चालू करताना त्याच्या शेजारी कोणी नसते.

ब्रिटनने मधली वाट धरली होती, आणि या विषयात शिकण्यासारखे सर्वांत जास्त तिथेच आहे. जानेवारी 2002 मध्ये तिथे फाउंडेशन नावाची पहिली पायरी सुरू झाली. शक्ती 10 वॅट, लेखी परीक्षा छोटी, पण तिच्या आधी करून दाखवायच्या कामांची यादी. संच, वीजपुरवठा आणि अँटेना जोडणे. व्हीएचएफवर एक आणि एचएफवर एक, असा प्रत्यक्ष संपर्क साधणे. मापकावर अँटेनाची जुळणी पाहणे. मोर्सही होता, पण तक्ता समोर ठेवून, वेगाची अट न घालता, ओळख व्हावी एवढ्यापुरता. पुढच्या इंटरमीजिएट पायरीवर सोल्डरिंग, मुख्य विजेचा प्लग जोडणे, मीटरने व्होल्ट-अँपिअर मोजणे आणि एक छोटे मंडल स्वतः बांधणे आले. सर्वांत वरच्या पायरीला मात्र प्रात्यक्षिक नव्हते. हा क्रम उलटा वाटतो, पण तो शहाणपणाचा होता. हात खालच्या पायरीवरच बसवायचा असतो, वरच्या पायरीवर चुकीची सवय मोडणे अवघड जाते.

या यादीतले अँटेनाच्या जुळणीचे काम जरा जवळून पाहण्यासारखे आहे. 40 मीटरच्या पट्ट्यासाठी, समजा 7.1 मेगाहर्ट्झला, तारेचा डायपोल सुमारे 20 मीटर लांब लागतो, म्हणजे दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर. पुस्तकातले सूत्र वापरून उमेदवार तार कापतो, ताणतो, मापक लावतो, आणि सर्वांत चांगली जुळणी 7.1 ला न सापडता 6.96 ला सापडते, कारण छपराचा पत्रा, ओली भिंत, तारेवरचे प्लास्टिकचे आवरण आणि जमिनीपासूनची उंची सूत्रात नव्हती. आता तार कापायची की वाढवायची? लांबी जास्त तर वारंवारता कमी, हे लेखी उत्तर त्याला पाठ असते. तरी पक्कड हातात घेतल्यावर बरेच जण थबकतात. एक टक्का तार, म्हणजे एकूण वीस सेंटिमीटर, कमी केली की जुळणीचा बिंदू सुमारे 70 किलोहर्ट्झ वर सरकतो. इथे चाळीसेक सेंटिमीटर काढायची आहे, दोन्ही बाजूंनी निम्मी निम्मी. जाणता माणूस एकदम कापत नाही, टोक मागे दुमडून पिळतो आणि पुन्हा मोजतो. दुमडलेली तार सोडता येते, कापलेली येत नाही.

जुळणीच्या मापकावरचा 3 हा आकडा म्हणजे पाठवलेल्या शक्तीतली चौथाई परत येते, हेही कागदावर काढता येते. पण आकडा 3 दिसताच प्रक्षेपण थांबवून आधी जोडणी हलवून पाहणे, ही हाताची सवय आहे. दोष बहुधा तारेत नसतोच. तो केबलच्या टोकाला बसवलेल्या कनेक्टरमध्ये असतो. आत केबलची जाळी नीट तापलेली नसते, वरून सोल्डर चकाकत असतो आणि खाली त्याने धातूला धरलेलेच नसते. असा थंड सांधा मल्टिमीटरवर पास होतो आणि वाऱ्याने केबल हलली की नापास होतो. तो ओळखायला एकदा स्वतः बिघडवावा लागतो. बहुपर्यायी प्रश्नाला इथे हात टेकावे लागतात.

असाच दुसरा प्रसंग पट्ट्याच्या कडेचा. 40 मीटरवर आवाज खालच्या बाजूपट्टीत पाठवतात, म्हणजे तो डायलवरच्या आकड्याच्या खाली जवळजवळ 3 किलोहर्ट्झ पसरतो. पट्टा 7.000 ला सुरू होतो. डायलवर 7.001 दिसतो म्हणून निश्चिंत बसलेल्या माणसाचा बहुतेक आवाज पट्ट्याबाहेर पडलेला असतो. हा प्रश्न लेखी परीक्षेत घालता येतो, आणि घालावाही. संच समोर असताना मात्र दुसरी गोष्ट दिसते. उमेदवार आधी ऐकतो का, वारंवारता मोकळी आहे का असे विचारून उत्तराची वाट पाहतो का, की माइक हातात येताच बटण दाबतो, हे कागदावर कधीच दिसणार नाही.

प्रात्यक्षिकाविरुद्धचे आक्षेप पोकळ नाहीत. पहिला आक्षेप मराठी वाचकाला समजावून सांगायची गरजच नाही. बारावीच्या विज्ञानाचे प्रात्यक्षिक ज्याने दिले त्याला जर्नलवरची सही, आदल्या दिवशी कळलेला प्रयोग, बाह्य परीक्षकाचा चहा आणि तीसपैकी एकोणतीस गुण माहीत असतात. करून दाखवण्याची परीक्षा फार लवकर सहीची परीक्षा होते, आणि मग ती नसलेलीच बरी, कारण तिच्या भरवशावर लेखी परीक्षा सैल केलेली असते. उलट उदाहरण आरटीओतल्या आठच्या आकड्याचे. तिथे खरोखर गाडी चालवावी लागते, पण आठचा आकडा काढता येणे आणि रस्त्यावर गाडी चालवता येणे यांत केवढे अंतर आहे ते कोणत्याही चौकात उभे राहून पाहता येते. मोर्सची परीक्षा या दुसऱ्या जातीची: अस्सल, पण कामाच्या गोष्टीपासून लांब.

दुसरा आक्षेप परीक्षक आणि अंतर यांचा. लेखी परीक्षा एका खोलीत पन्नास जणांची होते, प्रात्यक्षिक एका वेळी एकाचे. गावाकडच्या ज्या उमेदवाराला हाताखालून शिकवणारे कोणी नाही, त्यालाच प्रात्यक्षिकासाठी सर्वांत लांबचा प्रवास पडतो. ज्याला प्रात्यक्षिकाची गरज सर्वाधिक, त्याच्यावरच त्याचा भार सर्वाधिक. अमेरिकेने जुन्या काळी परीक्षाकेंद्रापासून फार दूर राहणाऱ्यांसाठी कंडिशनल नावाची श्रेणी ठेवली होती. तिच्यात स्थानिक परवानाधारकाकडून परीक्षा घेण्याची मुभा होती, आणि त्या मुभेबद्दल कुजबुजही कायम होती. ब्रिटनमध्ये एप्रिल 2020 ला टाळेबंदीमुळे घरबसल्या ऑनलाइन परीक्षा सुरू झाल्या तेव्हा फाउंडेशनच्या प्रात्यक्षिकाची अट स्थगित करावी लागली. नवे उमेदवार त्यानंतर लोटले, त्यांत क्लबपासून लांब राहणारे आणि घराबाहेर पडू न शकणारेही होते. अपंग उमेदवाराच्या हाताने कनेक्टर सोल्डर होत नसेल तर त्याने दुसऱ्याला सूचना देऊन तो करवून घेतला, हेही पुरेसे मानले पाहिजे.

तिसरा आक्षेप असा, की आजचा संच स्वतःच सगळे सांभाळतो. जुळणी बिघडली तर शक्ती आपोआप कमी करतो, पट्ट्याबाहेर गेले तर अडवतो. हे खरे आहे, पण ते विकत घेतलेल्या संचापुरते. परवाना स्वतः बांधलेल्या संचालाही लागू आहे, आणि छतावर चढून विजेच्या तारांजवळ ॲल्युमिनियमचा खांब उभा करणाऱ्याला कोणताही संच अडवत नाही.

परीक्षेत अजिबात न दिसणारे एक कौशल्य आहे, संदेश बिनचूक पोहोचवण्याचे. डिसेंबर 2004 मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली भारतीय हॅमचा एक चमू अनेक वर्षांच्या खंडानंतर अंदमानातून प्रक्षेपण करण्यासाठी पोर्ट ब्लेअरला गेला होता. संकेतनाम होते व्हीयू 4 आरबीआय. जगभरच्या हॅमना दुर्मिळ ठिकाणाचा संपर्क मिळवून देणे, एवढाच त्यांचा बेत. 26 तारखेला त्सुनामी आली, फोन बंद पडले, आणि हौसेने उभारलेले ते केंद्र मुख्य भूमीशी बोलणारा दुवा झाले. अशा वेळी मोर्सचा वेग किंवा ट्रान्झिस्टरचे समीकरण फारसे उपयोगी पडत नाही. लागते ते वेगळेच. खरखरीतून ‘पाटील’ आणि ‘पटेल’ यांत गल्लत होऊ द्यायची नसेल तर इंग्रजी स्पेलिंग उच्चारसंकेतांनी सांगावे लागते: पापा, अल्फा, टँगो, इंडिया, लिमा. चौथ्या जागी ‘इको’ आले की दुसराच माणूस सुखरूप ठरतो. घेणाऱ्याने ते परत वाचून दाखवायचे, अंदाजाने काही भरायचे नाही, आणि बोलून झाल्यावर एक क्षण बटण सोडून ठेवायचे, म्हणजे अधिक तातडीचे बोलणाऱ्याला शिरता येते. पंधरा मिनिटांत हे तपासता येते, पण आजच्या परीक्षेत त्याला एकही मिनिट नाही.

तेव्हा प्रात्यक्षिक असावे, पण आज आहे ते नव्हे. भारतातल्या मर्यादित श्रेणीसाठी पाच कामे पुरतील. संच, वीजपुरवठा आणि मापक योग्य क्रमाने जोडून, अँटेनाऐवजी लावलेल्या 50 ओहमच्या डमी लोडवर कमी शक्तीने पहिले प्रक्षेपण. तारेच्या अँटेनाची जुळणी मोजून ती कोणत्या दिशेने सुधारायची ते करून दाखवणे. एक कनेक्टर सोल्डर करणे. आधी ऐकून, मोकळ्या वारंवारतेवर एक पूर्ण संपर्क. आणि गोंगाटातून दिलेला पंचवीस शब्दांचा संदेश लिहून घेऊन परत वाचणे. सामान एका पिशवीत मावते, वेळ दीड तास. मोर्स ज्याला हवा त्याच्या प्रमाणपत्रावर वेगळा शेरा म्हणून राहावा, शक्तीच्या दारावर नको.

घ्यायचे कोणी, हा प्रश्न उरतो. मुंबईच्या गोराई रस्त्यावरच्या बिनतारी देखरेख केंद्रासारख्या मोजक्या सरकारी कार्यालयांवर हे काम टाकले तर ते रखडेल. किमान काही वर्षे परवाना असलेल्या, एकाच क्लबच्या नसलेल्या दोन हॅमनी मिळून घ्यावे आणि प्रत्येक कामापुढे ‘झाले’ किंवा ‘पुन्हा’ एवढेच लिहावे. गुण नकोत, कारण गुण आले की एकोणतीस येतात. दोघांपैकी एकाने उमेदवाराच्या गावी जावे, दुसऱ्याने व्हिडिओवरून पाहिले तरी चालेल, सोल्डर कॅमेऱ्याजवळ धरला की सांधा दिसतो. एखादे काम चुकले तर त्याच दिवशी, चहा झाल्यावर, तेवढेच पुन्हा करून घ्यावे. जो चौथ्यांदा डायपोलची तार उलट दिशेने कापायला निघतो त्यानेच तेवढे पुढच्या रविवारी नवी तार घेऊन यावे.